लहान मुलांच्या फिट्स आणि बाळाचा मेंदू: खान्देशातले आईबाप जे विचारतात ते सगळं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही गेलं तरी प्रश्न तेच येतात, ओपीडीत, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेअकराला. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतेय. मी लहान मुलांची डॉक्टर, पण आता निम्म्याहून जास्त वेळ संशोधनात जातो आणि विषय दोनच, लहान मुलांच्या फिट्स आणि नवजात बाळाचा मेंदू. इथलं वाचून कुणी आपल्या मनानं औषध चालू-बंद करू नका, ते तुमच्या डॉक्टरला विचारूनच.

हे दोन वेगळे विषय झाले ना? एक काहीतरी धरायचं की.

विषय एकच आहे हो. सात-आठ महिन्यांचं नाहीतर दोन वर्षांचं पोर फिटसाठी येतं, आपण आईला विचारत विचारत मागं जातो, आणि गोष्ट बऱ्याचदा जन्माच्या दिवशी जाऊन थांबते. बाळ लगेच रडलं नव्हतं. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दूधच ओढत नव्हतं, सुस्त पडून होतं, मग शुगर कमी झाली म्हणाले. कावीळ फार चढली होती. हे सगळं आईला तारीखवार पाठ असतं, फक्त आज येणाऱ्या झटक्यांचा त्याच्याशी संबंध आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. सगळ्याच मुलांचं असं नसतं, काहींच्या जीन्समध्ये दोष असतो, काहींच्या मेंदूची घडणच पोटात असताना वेगळी होते, काहींचं कारण सापडतच नाही. पण ज्या फिट्स टाळता आल्या असत्या त्यातल्या पुष्कळ लेबर रूममध्ये आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत टाळता आल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी ज्या कामात आहे ते सगळं याच मतावर उभं आहे.

फिट येते म्हणजे नक्की काय होतं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या सिग्नलनं बोलतात. फिटमध्ये एका भागातल्या नाहीतर सगळ्या मेंदूतल्या पेशी एकदम, एकाच वेळी, ताळ सोडून सिग्नल सोडायला लागतात. गावातल्या डीपीवर लोड आला की कसं, कधी एका गल्लीची लाईट फडफडते तर कधी अख्खं गाव अंधारात जातं, तसंच काहीसं. म्हणून एखाद्या मुलाचा नुसता ओठाचा कोपरा उडतो, एखादं दहा सेकंद शून्यात बघत बसतं आणि बाई म्हणतात लक्ष नाही, आणि एखादं सगळं ताठ होऊन पडतं. तिन्ही फिटच.

एकदा फिट आली म्हणजे एपिलेप्सी झाली का?

नाही. ताप, शुगर कमी, कॅल्शियम कमी असं कुठलंही तात्कालिक कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतरानं दोन फिट्स आल्या तर एपिलेप्सी म्हणतात. २०१४ साली फिटच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्यात भर घातली की एकच फिट आली असेल पण ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद), एमआरआय बघून पुन्हा येण्याची शक्यता फार मोठी दिसत असेल तरी एपिलेप्सी म्हणा. म्हणजे एका फिटवर घाबरून जन्मभराचं लेबल लावू नका, आणि 'एकदाच तर आली' म्हणून घरीही बसू नका.

फिट चालू असताना काय करायचं? आम्ही तर कांदा लावतो.

कांदा भाजीत घाला. चप्पल दारातच राहू द्या. चावी, किल्ली, लोखंड हातात द्यायचं नाही, दातात चमचा घालायचा नाही, त्यानं दात तुटतात आणि तुकडा श्वासात जातो, जीभ गिळली जाते हे खोटं आहे, जीभ कुणाचीच गिळली जात नाही. पाणी पाजायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत.

करायचं एवढंच, मुलाला एका कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ-उलटी बाहेर येईल, आजूबाजूची विळी, बादली, चुलीतलं लाकूड बाजूला सरकवायचं, गळ्यापाशी काही घट्ट असेल तर सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. घड्याळ फार महत्त्वाचं, कारण बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात पण घरच्यांना विचारलं तर सगळे अर्धा तास सांगतात, त्यांची काही चूक नाही, आपलं पोर तसं पडलेलं असताना मिनिटभरसुद्धा सरत नाही. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, की नाकातला मिडाझोलामचा स्प्रे मारायचा आणि १०८ ला फोन. स्प्रे किती वेळा मारायचा ते मुलाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरकडून फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, अर्धे एका नाकपुडीत अर्धे दुसऱ्या, आणि ज्यांना आधी फिट येऊन गेलीय त्यांच्या घरी एक आणि आजोळी एक असा स्प्रे पाहिजेच. धडगाव, मोलगीकडच्या पाड्यांवरून दवाखाना गाठायला दोन-दोन तास लागतात, तिथं तर हा स्प्रे म्हणजे अर्धा दवाखाना. फिट लांबत गेली की ती थांबवणं अवघड होत जातं, म्हणून पाच मिनिटांची रेघ.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, पत्र्याच्या घरात औषधं तापून निघतात. सिरप, स्प्रे गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका, लेबलवर किती तापमानात ठेवायचं ते लिहिलेलं असतं, घरातल्या थंड कोपऱ्यात, माठाच्या बाजूला कोरड्या जागी ठेवा.

तापात फिट आली होती. मेंदूवर परिणाम होईल का?

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात फिट येते. १५ मिनिटांच्या आत थांबली, सगळ्या अंगाला आली, २४ तासांत एकदाच आली, तर ती साधी तापाची फिट, त्यानं मेंदूचं नुकसान होत नाही, बुद्धी कमी होत नाही. साधारण तिघांतल्या एकाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येते, आणि पुढं जाऊन एपिलेप्सी होणारे फार थोडे. पॅरासिटामॉलनं मुलाला बरं वाटतं म्हणून द्या, पण त्यानं फिट टळतेच असं नाही, त्यामुळं 'मी डोस द्यायला उशीर केला म्हणून झालं' असं कुठल्याच आईनं मनाला लावून घेऊ नये, आणि सासूनं तर मुळीच ऐकवू नये. मात्र मान ताठ असेल, मूल शुद्धीवर येत नसेल, वय सहा महिन्यांच्या आत असेल तर तो वेगळा मामला, तेव्हा मेंदूज्वर आहे का ते बघावंच लागतं.

'मॅडम, आमनं पोर झोपीसन उठनं का दचकस.' हे फिट असतं का?

असू शकतं, आणि या एका प्रश्नासाठी मी हे सगळं पान लिहिलं असतं.

आई मोबाइल पुढं करते. व्हिडिओत पाच महिन्यांचं बाळ, नुकतं झोपेतून उठलेलं, सतरंजीवर उताणं, बाजूला तेलाची वाटी. एकदम दोन्ही हात वर उडतात, मान पुढं झुकते, पाय पोटाशी येतात, एक-दोन सेकंद, मग सैल. बाळ थोडं किरकिरतं. पाच-सात सेकंदांनी पुन्हा तेच. पुन्हा. मागून आजीचा आवाज येतो, मुरडा आहे, ओवा दे. असे झटके एकामागून एक, ओळीनं. आणि आई हळूच सांगते की मागच्या महिन्यापर्यंत हसायचं, आता बघून हसत नाही.

हे इन्फंटाइल स्पाझम्स. बहुतेक वेळा तीन ते बारा महिन्यांच्या वयात सुरू होतात. साधं दचकणं आवाजानं होतं आणि एकदाच होतं, पोटाच्या मुरड्यात बाळ जोरजोरात रडतं आणि बराच वेळ रडतं, पण हे झटके आवाज नसताना येतात, ओळीनं येतात, उठल्या-उठल्या किंवा झोप लागताना जास्त येतात. असं दिसलं तर त्याच आठवड्यात ईईजी, पुढच्या महिन्यात नाही. ईईजीत सगळा गोंधळ दिसतो, त्याला हिप्सअ‍ॅरिदमिया म्हणतात. उपचार म्हणजे एसीटीएच नावाच्या हार्मोनची इंजेक्शनं, नाहीतर प्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, नाहीतर व्हिगाबॅट्रिन. प्रेडनिसोलोन तर अगदी स्वस्त औषध आहे, कुठल्याही मेडिकलवर मिळतं, पण हा डोस फक्त देखरेखीखालीच. बाळाच्या अंगावर पांढरे पानासारखे डाग असतील तर तेही डॉक्टरला दाखवा, ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाच्या आजारात ते असतात आणि तिथं व्हिगाबॅट्रिन आधी देतात.

याचं पहिलं वर्णन करणारा माणूस स्वतः बाप होता. विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४१ मध्ये द लॅन्सेटला पत्र लिहिलं, आपल्याच मुलाच्या झटक्यांबद्दल, जळवा लावून बघितल्या, बाकीचे इलाज करून बघितले, काही उपयोग नाही, कुणाला काही माहिती असेल तर कळवा. आजही आपल्याकडं आईबाप तसेच दारोदार फिरतात, फक्त आता इलाज आहे आणि तरी उशीर होतो, याचा मला जास्त राग येतो. आपल्या देशात या झटक्यांमागं जन्मावेळची गुदमर आणि पहिल्या दिवसांतली कमी शुगर ही कारणं खूप सापडतात, शुगरच्या माराचं वैशिष्ट्य म्हणजे मेंदूचा मागचा, नजरेचा भाग जास्त दुखावतो, म्हणून अशी मुलं बघूनही बघत नाहीत असं आईला वाटतं.

अगदी नवीन जन्मलेल्या बाळाला फिट येते ती कशी ओळखायची?

मोठ्यांसारखं हातपाय झाडणं क्वचितच. डोळे एका बाजूला अडकतात, तोंडानं चघळल्यासारखं होतं, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, मधेच श्वास थांबून निळं पडतं. आणि कितीतरी फिट्स बाहेर काहीच दिसत नाहीत, नुसत्या ईईजीवर दिसतात, म्हणून मोठ्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, बाळाच्या डोक्याला वायरी लावून ठेवतात. घरी एक सोपी खूण, थरथरणारा हात आपल्या हातात धरला की थरथर थांबते, तर ती बहुतेक नुसती थरथर, धरूनही झटका बसतच राहिला तर लगेच निघा. थरथर असली तरी शुगर आणि कॅल्शियम बघून घ्यायला हरकत नाही.

औषधाचं म्हणाल तर शंभराहून जास्त वर्षं जुनं फिनोबार्बिटोनच अजून पहिलं. नवीन लेव्हेटिरासिटाम जास्त सुरक्षित असेल असं सगळ्यांना वाटायचं, मग २०२० मध्ये नीओलेव्ह-२ चाचणीचा निकाल आला, फिनोबार्बिटोननं १०० पैकी ८० बाळांच्या फिट्स २४ तास बंद राहिल्या, लेव्हेटिरासिटामनं २८. नवीन म्हणजे चांगलं, महाग म्हणजे चांगलं, हे आपल्या डोक्यातून जायला अशाच चाचण्या लागतात.

बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर नेमकं काय बिघडतं?

ऑक्सिजन आणि रक्तपुरवठा कमी पडतो, आणि मेंदूला थांबायला वेळ नसतो. पहिल्या मिनिटाला डॉक्टर लोक सोनेरी मिनिट म्हणतात, त्यात बाळ पुसून कोरडं करायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची, आणि तरी श्वास नाही घेतला तर बॅग-मास्कनं हवा द्यायची. मोठी मशीन नाही लागत, रबरी फुगा आणि तो वापरायची सवय झालेला हात लागतो. २००९ पासून सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात नर्सताईंना हेच शिकवतात. पण शिकून दोन वर्षं झाली आणि मधे एकदाही हात चालवला नसेल तर ऐनवेळी बॅग कपाटात आणि कपाटाची चावी दुसरीकडं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, कुठं ते नाही सांगत.

दुसरी गोष्ट जरा टोचेल. गावात कळा वाढवायचं इंजेक्शन देणारे लोक अजून आहेत. बाळाचे ठोके न मोजता, देखरेख नसताना ते दिलं की गर्भाशय सैलच पडत नाही, दोन कळांच्या मधे बाळाला जी उसंत मिळते ती जाते, आणि बाळ आतच गुदमरतं. लवकर मोकळी व्हावी म्हणून घरचेच मागणी करतात. नका करू. ते इंजेक्शन दवाखान्यात, ठोके मोजत मोजत द्यायचं औषध आहे.

मुंबईत बाळाला थंड ठेवायची मशीन असते म्हणे. आपल्याकडं का नाही?

याचं उत्तर थोडं लांब आहे, पण संशोधन कशासाठी करायचं ते यात कळतं. गुदमरलेल्या बाळाला जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास ३३-३४ डिग्रीवर ठेवलं तर मेंदूचं नुकसान कमी होतं, असं २००५ च्या सुमारास श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत दिसलं आणि तिथं तो नियम झाला. मग सगळ्यांना वाटलं आता भारतात आणा. इंपीरियल कॉलेज लंडनचे डॉ. सुधीन थय्यिल यांच्या टीमनं भारत, श्रीलंका, बांगलादेश इथल्या मोठ्या हॉस्पिटलांत ४०८ बाळांवर ती चाचणी करून बघितली, हेलिक्स तिचं नाव, निकाल २०२१ मध्ये आला. थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं गेली, न केलेल्या गटात ३१ टक्के. अपंगत्व किंवा मृत्यू, दोन्ही मिळून बघितलं तरी फायदा नाही. म्हणजे तिकडं जीव वाचवणारा इलाज इकडं उलटला.

का, यावर अजून वाद आहेत. एक अंदाज असा की आपल्याकडच्या बाळांना मार एकाएकी बसत नाही, कळांच्या कितीतरी तासांत हळूहळू बसतो, आईचं रक्त कमी, बाळाचं वजन कमी, कुठं इन्फेक्शन, त्यामुळं बाळ बाहेर येईपर्यंत थंड करायची वेळ टळून गेलेली असते. त्यातनंच पुढचं काम निघालं, दक्षिण भारतात प्रिव्हेंट नावाचा अभ्यास, ज्याचा भर मशीनवर नाही तर प्रसूतीच्या वेळच्या काळजीवर, ठोके नीट मोजणं, कळांचा आलेख भरणं, जन्मल्यावर लगेच श्वास देणं, आणि त्यानं पुढची एपिलेप्सी कमी करता येते का हे बघणं. मला हा विचार पटतो. लाखोंचं कूलिंग मशीन घेतल्याचा फोटो पेपरात येतो, लेबर रूममधल्या रिकाम्या नर्सच्या जागेचा येत नाही.

तुम्ही संशोधनात करता काय? आमच्या बाळावर प्रयोग?

बहुतेक काम म्हणजे बघणं आणि मोजणं. एसएनसीयूमधून, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आजारी नवजात बाळांच्या विभागातून, फिट येऊन गेलेली, गुदमरलेली बाळं घरी जातात, त्यांच्या मागं राहायचं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळाचा उताणं पडलेला चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ काढतो, त्या वयात निरोगी बाळाच्या मनगटात, घोट्यात, मानेत बारीक बारीक, सतत वळवळीसारख्या हालचाली असतात, त्या नसतील तर सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातापायांवरचा ताबा बिघडण्याचा, धोका मोठा. यंत्र काही नाही, शिकलेला डोळा लागतो. मग पुढं दीड-दोन वर्षांचं झाल्यावर ठोकळे, बाहुली, घंटा घेऊन त्याचा विकास मोजायचा. म्हणून आमच्या कामाला वर्षं लागतात, आज जन्मलेल्या बाळाचा निकाल दोन वर्षांनी कळतो आणि तेवढ्यात घरचे सुरतला गेलेले असतात.

औषधाची चाचणी असेल तर ती एथिक्स कमिटीनं पास केलेली पाहिजे, सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये आधी नोंदलेली पाहिजे, तुमच्या भाषेत समजावून सांगून तुमची सही पाहिजे. अहिराणी कळते तर अहिराणीत, पावरी कळते तर पावरीत, नुसता मराठी कागद पुढं सरकवून अंगठा घेतला तर ती संमती नाही. नाही म्हटलं तरी उपचार तेवढेच मिळतात, मधेच बाहेर पडलं तरी मिळतात. कागदाची एक प्रत घरी न्या, आणि प्रश्न विचारा, चिडणाऱ्या संशोधकावर विश्वास ठेवू नका.

ईईजीत शॉक देतात का?

नाही. डोक्यावर वायरी चिकटवतात, मेंदूतून येणारी वीज नुसती नोंदवतात, आत काही सोडत नाहीत. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका, आपल्याकडं तेल न लावता पोराला बाहेर न्यायचं म्हणजे आज्यांना पटत नाही, पण तेलानं वायरी चिकटत नाहीत. रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, म्हणजे तिथं झोपेल, झोपेतला रेकॉर्ड कामाचा. आणि ईईजी नॉर्मल आला म्हणून एपिलेप्सी नाही असं ठरत नाही, त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता एवढंच ठरतं. म्हणून तुमच्या मोबाइलमधला व्हिडिओ कधीकधी ईईजीपेक्षा जास्त सांगून जातो.

बाळ काळवंडलंय, हात थरथरतात, मान धरायचं ते सोडून दिलं. हेही फिटच?

आई पूर्ण शाकाहारी, बाळ आठ-दहा महिन्यांचं आणि नुसत्या अंगावरच्या दुधावर, केस विरळ भुरे, बोटांच्या सांध्यांवर काळेपणा, असं असेल तर आधी बी-१२ तपासा. आईतच बी-१२ नसेल तर दुधात कुठून येणार. इंजेक्शन दिलं की ही बाळं काही दिवसांत हसायला लागतात, आमच्या धंद्यात असा आनंद कमी मिळतो. उशीर केला तर मात्र सगळं भरून येत नाही. सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू करा, आणि गरोदरपणात आईचं बी-१२ बघा.

नंदुरबारकडं सिकलसेल आहे, त्याचा फिटशी काय संबंध?

आहे संबंध. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्यात मुलांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, लहान वयात लकवा मारू शकतो आणि त्याबरोबर फिट येऊ शकते. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा मुलाला फिट आली, एक बाजू लुळी वाटली, तर सिकलची तपासणी झालीय का हा पहिला प्रश्न. २०२३ च्या १ जुलैपासून केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू आहे, तपासणी फुकट होते, कार्ड मिळतं, ते कार्ड प्रत्येक दवाखान्यात दाखवा.

डोक्यात किडा झाला म्हणे. आम्ही तर माळकरी.

न्यूरोसिस्टिसर्कोसिस. टेपवर्मची अंडी पोटात गेली की होतो, आणि ती अंडी येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातातून, गढूळ पाण्यानं धुतलेल्या कोथिंबीर-मुळ्यातून, त्यामुळं माळ घातली म्हणून सुटका नाही. स्कॅनवर छोटी रिंग दिसते, बहुतेकांची औषधानं जिरते. घाबरू नका, हा बऱ्या होणाऱ्या कारणांपैकी आहे.

उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाची वेगळी काळजी?

हो, आणि हे खास आपल्याकडचं. मे महिना, बाळंतिणीची खोली बंद, शेगडी पेटलेली, बाळ टोपी-मोजे-दुपट्यात, आणि पहिल्या दिवसांत दूध नीट उतरलेलं नाही. बाळ सुकतं, रक्तातलं सोडियम चढतं आणि फिट येते. बाळाची लघवी कमी झाली, अंग गरम, सुस्त, तर लगेच वजन करून घ्या. चीक फेकू नका, पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजा, मध, गूळपाणी, घुटी काही नाही. कावीळ पोटापर्यंत, पायांपर्यंत उतरली तर कोवळ्या उन्हाच्या भरवशावर राहू नका, निळ्या लाइटखाली ठेवावं लागतं.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी करून दाखवली आणि मग देशानं उचलली. तिला चहा पाजून वाटेला लावू नका, बाळ उघडून दाखवा.

औषध किती वर्षं?

साधारण दोन वर्षं एकही फिट नाही, की मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. काही प्रकारांत जास्त. एकदम बंद करणं सगळ्यात वाईट, त्यानं जी फिट येते ती थांबता थांबत नाही.

आणि औषध बंद का पडतं? दरवेळी निष्काळजीपणानं नाही. दिवाळी झाली की नंदुरबार, चाळीसगावकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, टोळीबरोबर, पोरं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर. तिथल्या दवाखान्यात तेच औषध नसतं, फाइल गावात राहिलेली असते, मुकादम सुट्टी देत नाही. मग माघात-फाल्गुनात फोन येतो, 'पोऱ्याले परत झटका येतस'. म्हणून दसऱ्यालाच सांगा की आम्ही निघणार, तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन ठेवा, सिरपपेक्षा गोळी बरी, बाटली फुटत नाही. चिठ्ठीचा फोटो दोन मोबाइलमध्ये. सरकारी दवाखान्यात एका वेळी पंधरा दिवसांचंच देतात असं सांगितलं तर जाण्याची तारीख सांगून जास्त मागा, भांडून मागा.

भगताकडं नेलं तर चालेल?

देवाला नमस्कार करा, नवस बोला, माझं काही म्हणणं नाही, सप्तशृंगीला मीही जाते. फक्त औषध चालू ठेवून. पोटावर चटके द्यायचे, मारायचं, उपाशी ठेवायचं, धूर द्यायचा, हे नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे. काही भगत बुवा आता स्वतःच सांगतात की आधी डॉक्टरला दाखव, अशांशी आम्ही मैत्री ठेवतो, त्यांचं गाव ऐकतं.

शाळेत सांगायचं का? खेळू द्यायचं?

सांगायचं. बाईंना स्प्रे कुठं आहे ते माहीत पाहिजे. खेळू द्या, सायकल मोठ्या रस्त्यावर नको. विहिरीत, तापीत, पाटाच्या पाण्यात एकट्यानं पोहणं अजिबात नको, चुलीजवळ एकटं नको, गच्चीच्या कठड्यावर बसणं नको. बाकी सगळं चालतं, कबड्डीसुद्धा.

केटो डाएटनं फिट्स जातात?

औषधं दमली की काही मुलांना फार चांगला उपयोग होतो. १९२१ पासून आहे हा इलाज, वजन कमी करायच्या फॅडच्या खूप आधीपासून. पण भाकरी, केळी, साखर जवळजवळ बंद आणि तेल-तूप-लोणी मोजून, रक्त-लघवी तपासत, आहारतज्ज्ञाच्या हाताखालीच. यूट्यूब बघून नाही. ज्या मुलांचा एकच भाग बिघडलेला असतो त्यांना ऑपरेशनही असतं, त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रामध्ये १९९५ पासून होतंय.

मुलगी आहे, लग्नाचं कसं होणार?

दहा वर्षांच्या मुलीला फिट आली की बापाचा पहिला प्रश्न हाच. हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी हे लग्न रद्द करण्याचं कारण होतं, ते १९९९ मध्ये काढून टाकलं. फिट असणाऱ्या बायकांची लग्नं होतात, मुलं होतात, नोकऱ्या होतात. लपवून लग्न लावू नका, कारण लपवायचं म्हणजे सासरी गोळी चोरून घ्यायची, आणि चोरून घेतलेली गोळी चुकतेच. एक गोष्ट मात्र आत्ताच विचारा, तिला व्हॅलप्रोएट चालू आहे का, ते गरोदरपणात बाळाला धोक्याचं आहे, पर्याय असेल तर मोठी व्हायच्या आत बदलून घ्या. स्वतः बंद करू नका.

खर्च झेपत नाही.

अंगणवाडीत, शाळेत आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाची गाडी येते, ते मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसी सेंटरला (लहान मुलांच्या तपासणी-उपचाराचं केंद्र) पाठवतात, तिथं तपासणी, फिजिओथेरपी फुकट. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी फुकट. ॲडमिट करायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, बिल झाल्यावर नाही. आणि फिनोबार्बिटोन, व्हॅलप्रोएट, कार्बामॅझेपिन ही औषधं तशी स्वस्त आहेत, महाग पडतं ते दर महिन्याला एसटीनं धुळ्याला येणं-जाणं आणि बुडालेली रोजंदारी, त्यामुळं जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून तेच औषध मिळेल का हे आम्हाला विचारा, बऱ्याचदा चिठ्ठी देऊन जमतं.

आम्ही तुमच्या अभ्यासात होतो. आता आमच्याकडून काय पाहिजे?

दोन वर्षांच्या तपासणीला या, बाळ ठणठणीत असलं तरी या. बरी झालेली मुलं आलीच नाहीत तर आमच्या रजिस्टरमध्ये नुसती आजारीच उरतात आणि आकडा चुकतो. येताना एसएनसीयूचं डिस्चार्ज कार्ड आणा, फाटलं असेल तरी आणा. आणि रिचार्ज संपला म्हणून नवीन सिम घेतलं तर जुना नंबर आमच्याकडं राहतो आणि तो लागत नाही, म्हणून नवीन नंबर आशाताईच्या वहीत लिहून ठेवा, ती आम्हाला कळवते.